काजळी: धरते ती, झाडतात ती आणि पाडतात ते काजळ

समई

काजळी हा शब्द आपण फार वरवर वापरतो असं मला बरेच दिवस वाटतंय. डोक्यात असतं ते एवढंच: धुराचा काळा थर, पुसून टाकायची घाण. पण लोक बोलताना नीट ऐकलं की या एका शब्दाखाली निरनिराळ्या वस्तू निघतात. कंदिलाच्या काचेवर बसते ती काजळी. समईच्या वातीचं जळून कोळसा झालेलं टोक, तीही काजळी. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते ती. शेतकऱ्याच्या तोंडी तर काजळी हा गव्हावरचा रोग आहे. शिवाय मनावर चढते ती, आणि नात्यावर धरते ती.

मला जास्त ओढ आहे ती क्रियापदांची. काजळी धरते, साचते, चढते; हे सगळं तिचं तिचं होतं, माणूस त्यात कुठे नाही. माणूस येतो तो झाडायला, काढायला, पुसायला. काजळ मात्र आपोआप होत नाही. काजळ पाडतात. वस्तू तीच, दिव्याचा धूरही तोच, पण एक नको असताना येते आणि दुसरं मुद्दाम जमवतात. दिवा काजळतो, संध्याकाळ काजळते, वाईट बातमी ऐकून माणसाचा चेहराही काजळतो. 'काळा पडला' म्हणून तो अर्थ येत नाही. उजेड आतून कमी झाला, असं काहीतरी त्या काजळण्यात आहे.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आपल्या पुण्यातच १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत तयार झाला. त्याच्या आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. दोन्ही कोशांवर माझा जीव आहे. पण कोशात अर्थ मिळतो, तो शब्द कुणाच्या हातात कसा वागतो ते मिळत नाही. वीज घरोघर आली, गॅस आला, त्यामुळे काजळी रोज हाताला लागणारी शेवटची पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, गावात, धंद्यात काजळीला काय म्हणतात, तिचं काय करतात, ते लिहा. जिल्हा जरूर लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा.

आळंदीवाट

पहिली नोंद ज्ञानेश्वरीचीच हवी. चौथ्या अध्यायात, अवताराचं कारण सांगताना: 'मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळी'. आणि मग योग्यांना निरंतर दिवाळी.

शाळेत ही ओवी शिकवतात तेव्हा काजळी म्हणजे अज्ञानाचा काळा थर असं सांगून पुढे जातात. तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. काचेचा कंदील आपल्याकडे फार उशिरा आला. १२९०च्या सुमारास घरात असणार तो तेलाचा उघडा दिवा. त्याला काच नाही, तर काचेवरचा थरही नाही. तिथे काजळी म्हणजे वातीच्या टोकाचा जळका कोळसा, असं मी वाचतो. ते टोक वाढलं की तेल वर चढत नाही, ज्योत तांबूस होते, धूर सोडते. काडीने ते झाडलं की दिवा त्याच क्षणी उजळतो. तेल तेच, वात तीच, नवं काही आणलेलं नाही. म्हणून 'फेडूनि' आणि 'उजळी' ही दोन क्रियापदं एकामागोमाग आली आहेत. विवेकाचा दिवा आधीपासून पेटलेलाच आहे, विझलेला नाही, हे त्या ओवीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. थराचा अर्थ घेतला तर ते निसटतं.

आजही समईपाशी बसून हे करून बघता येतं. जळकं टोक झाडल्यावर ज्योत कशी ताठ होते ते पाहिल्याशिवाय ओवी पुरती कळत नाही असं माझं मत आहे.

पाटा_वरवंटा

आळंदीवाट, अगदी पटलं. आमच्याकडे (सातारा, वाई भाग) आजी 'वातीची काजळी झाड' असंच म्हणायची आणि काचेला मात्र 'काच काळी झालीय' म्हणायची. म्हणजे तिच्या लेखी काजळी ही वातीचीच.

कुडाळदेशी

सिंधुदुर्ग. आमच्याकडे भांड्याच्या बुडाला धरते ती मस. काजळी हा शब्द पुण्यात आल्यावर जास्त कानावर पडला. मस लागली, मस काढ, हात मशीन भरले. त्यातला 'मशीन' म्हणजे यंत्र नाही, मस या शब्दाची तृतीया आहे, हे इथे कामावरच्या मित्रांना समजावून सांगावं लागतं.

चुलीवर भात ठेवण्याआधी टोपाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ हात देत. मस मग मातीवर बसते, धातूवर बसत नाही. घासताना माती सुटते आणि तिच्याबरोबर मसही. माती न लावता ठेवलेलं भांडं घासताना बोटांची कातडी जायची. नारळाची शेंडी आणि राख. आधी पाणी अजिबात नाही, पहिला हात कोरडाच. पाणी घातलं की मस चिकट होते आणि भांडं, हात, पाथरी सगळं काळं.

समई

मस इथे आली याचा फार आनंद झाला. मस, मषी, मसी ही सगळी शाईच्या बाजूची मंडळी. म्हणजे बुडाला धरलेली घाण आणि लिहायची शाई यांना एकच शब्द. मोडी वाचणारं कुणी आहे का इथे?

आळंदीवाटचं वाचन मला पटतंय. वातीचं टोक हा अर्थ आधीचा असेल आणि काचा आल्यावर शब्द काचेवर सरकला असेल तर नवल नाही. पण पुराव्याशिवाय ठाम म्हणणार नाही.

हवामापक

मी काम करतो हवेच्या मोजणीत, पाषाणच्या बाजूला. काजळी हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आधी उजेड. समईची ज्योत पिवळी का दिसते? तेलाची वाफ ज्योतीच्या पोटात पूर्ण जळत नाही, कारण तिथे हवा पुरेशी पोचत नाही. त्या अर्धवट जळण्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते तापून पिवळे चमकतात. आपण ज्याला दिव्याचा उजेड म्हणतो तो बराचसा या तापलेल्या कणांचाच असतो. ज्योतीच्या कडेपर्यंत गेल्यावर त्यांना हवा मिळते आणि ते जळून नाहीसे होतात. वात जास्त वर केली, वारा लागला, किंवा मधेच थंड वस्तू आली, तर ते जळायच्या आत बाहेर पडतात. तीच काजळी. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हे करून दाखवलं होतं.

समई यांच्या पाडणे आणि धरणे या भेदाला इथून दुजोरा मिळतो. काजळ पाडताना थाळी ज्योतीत धरतात ती चमकणारे कण जळून जायच्या आत पकडायला. म्हणजे डोळ्यात घालतो ते काजळ हे काही क्षणांपूर्वी उजेड होतं.

आता हवा. काजळीचा एक सुटा कण साधारण दहा ते पन्नास नॅनोमीटरांचा असतो (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर). असे कण एकमेकांना चिकटून साखळ्या होतात. पीएम २.५ म्हणतो ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, आणि आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड. म्हणजे काजळीच्या पूर्ण साखळ्याही बहुधा या वर्गात आरामात बसतात, आणि फुप्फुसात खोलवर जातात. भारतात पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली ५ आहे.

काजळी मोजायची कशी, तेही सांगतो, कारण हे यंत्र मला फार आवडतं. त्यात पांढऱ्या गाळणकागदाची फीत असते. हवा तिच्या एका ठिपक्यातून ओढली जाते. काजळी तिथे अडकते आणि ठिपका आधी करडा, मग काळा होत जातो. फितीच्या एका बाजूने प्रकाश टाकतात आणि पलीकडे किती पोचला ते मोजतात. ठिपका फार काळा झाला की फीत आपोआप पुढे सरकते. जुनी फीत वेळेच्या नोंदीशी ताडून पाहिली की गर्दीच्या वेळेचे ठिपके भराभर, थोड्या थोड्या वेळाने पडलेले दिसतात, आणि पहाटेचे बऱ्याच वेळाने. ऑफिसला जायच्या वेळी चांदणी चौकातून गेलेल्या माणसाने एकदा तो कागद पाहावा.

पाटा_वरवंटा

हवामापक, गॅसच्या ज्योतीबद्दलही लिहा ना. माझ्या शेगडीची एक बाजू पिवळी जळते आणि पातेल्याचं बूड काळं होतं.

हवामापक

बर्नरची भोकं बुजली असणार किंवा हवेचा झरोका. निळी ज्योत म्हणजे गॅसला हवा आधीच पुरेशी मिळाली, कण तयार झाले नाहीत. पिवळी म्हणजे हवा कमी. बर्नर थंड झाल्यावर काढून ब्रशने, बारीक तारेने साफ करा, पूर्ण वाळवून बसवा. तरीही पिवळी राहिली तर माणूस बोलवा.

काजळी दिसते हे एका अर्थी बरं असतं. ज्वलन अपुरं असेल तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही होतो, आणि त्याला ना रंग ना वास. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटांमधून बंद बाथरूममध्ये अजून गॅस गीझर बसवलेले आहेत. तिथे खिडकी बंद ठेवून आंघोळ करू नये. गीझरच्या वरच्या भिंतीवर काजळी धरलेली दिसली तर तो वापरणं त्याच दिवशी थांबवावं. मी हे प्रत्येक ठिकाणी लिहितो आणि लिहीत राहणार.

टू_स्ट्रोक

गॅरेजमधली भाषा देतो. आम्ही काजळी म्हणत नाही, आम्ही 'कार्बन' म्हणतो. प्लगला कार्बन धरला, सायलेन्सरमध्ये कार्बन बसला, पिस्टनचा कार्बन खरवड. शब्द इंग्रजी, पण क्रियापद बघा: धरला. ते मराठीच राहिलं.

पुणं स्कूटरचं शहर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच तेल घालायचं, ते तेल पूर्ण जळत नाही, त्यामुळे कार्बन हा रोजचा सोबती. सकाळी किका मारून गाडी लागली नाही की पहिलं काम प्लग काढायचा आणि त्याचं तोंड बघायचं. कोरडा काळा, भुकटीसारखा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, कार्ब्युरेटरचं सेटिंग बघा. काळा आणि तेलकट, चकाकणारा असेल तर तेल जास्त पडलंय. पांढरट पडला असेल तर उलट, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. विटकरी-तपकिरी रंग आला की गाडी खूश. माझे वस्ताद प्लग हातात घेऊन सांगायचे की गाडीवाला शहरात फिरतो की लांब जातो. पॉलिश पेपरने घासायचा, गॅप बघायचा, बसवायचा. सायलेन्सर चोंदला की तो काढून आगीत जाळून आणायचे, आतला कार्बन जळून पापुद्रे पडायचे. तो धूर आम्ही वर्षानुवर्षं छातीत घेतला. २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठामपणे सांगितलं, तेव्हा आमच्या धंद्यातले कितीतरी लोक म्हातारे होऊन गेले होते. गॅरेजमधल्या पोरांना मास्क आणि उघडी खेळती जागा मिळायलाच हवी.

१ एप्रिल २०२०पासून बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले. आता डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन काही वेळ एका वेगात, गरम चालावं लागतं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, सिग्नल ते सिग्नल एवढीच फिरणारी डिझेल गाडी असेल तर जाळी चोंदते आणि लाल-पिवळा दिवा लागतो. अशा गिऱ्हाइकाला मी सांगतो, रविवारी हायवेला जाऊन या. शहरातच फिरायचं असेल तर डिझेल घेऊच नका.

मोडी_बोरू

समई यांनी हाक मारली म्हणून. मी मोडी वाचायला शिकले आणि आता शिकवते.

काजळीची शाई: तिळाच्या किंवा एरंडाच्या तेलाच्या दिव्यावर काजळी जमवायची, बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात ती खलायची. खरं काम खलण्यात आहे. काजळी तेलकट असते, पाण्यात मिसळायला तयार नसते, वर तरंगते. तासन् तास घोटली की डिंक प्रत्येक कणाभोवती बसतो आणि मग शाई एकजीव होते. घोटणं कमी पडलं तर बोरूतून पाणी आधी उतरतं आणि काळं मागे राहतं. ओळीच्या सुरुवातीला फिकं आणि मधेच गुठळी, असे कागद दिसतात.

पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद आज वाचता येतात, इतिहासकार गो. स. सरदेसाई त्यातले निवडक ४५ खंडांत छापू शकले, त्यामागे या काजळीचा मोठा वाटा आहे. कार्बन कशाशी फारसा झगडत नाही. उन्हाने उडत नाही, हवेने बदलत नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षर काल लिहिल्यासारखं काळंभोर दिसतं. हिराकस घातलेली शाई असते तिचं तसं नाही. ती कालांतराने तपकिरी होते आणि कागद खाते. काही पत्रांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक असतं.

काजळीच्या शाईचा शत्रू एकच, पाणी. डिंक भिजला की कण सुटतात आणि काळा ओघळ पसरतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा घराघरांतल्या फडताळांतले कागद भिजले. अशा भिजलेल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, लोक माझ्याकडे घेऊन येतात. वरची पानं एकमेकांना चिकटलेली, अक्षर एका पानाचं दुसऱ्यावर उमटलेलं. तरीही काठाकडचं, गाठीजवळचं काही वाचता येतं. कृपा करून असे कागद घरी सोडवायला जाऊ नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. सुती कापडात सैल बांधा आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा.

एक बारकावा. ओली शाई टिपायला बारीक वाळू भुरभुरत. जुना दप्तर-रुमाल सोडला की ती वाळू अजून टेबलावर सांडते, काही वेळा अक्षरांत अडकून चकाकते.

चारकोल

मोडी_बोरूताई, फार सुंदर. चित्रकाराच्या बाजूची एक गोष्ट जोडते.

चित्रशाळा छापखाना पुण्यात १८७८ साली सुरू झाला, शिळाछापाची चित्रं तिथून महाराष्ट्रभर गेली. शिळाछापात दगडावर काढायची कांडी मेण, साबण आणि काजळी यांची असते. त्यातलं खरं काम मेण-साबणाचा चिकटपणा करतो. दगड पाण्याने ओला केला की चिकट रेषेवर पाणी थांबत नाही, तिथेच शाई धरते. काजळी असते ती चित्रकाराला आपली रेषा दिसावी म्हणून. छपाईला तिचा उपयोग नाही, पण तिच्याशिवाय कुणी आंधळेपणाने किती काढणार?

कोळशाच्या चित्रात बोटाने पसरवण्याला आम्ही सरळ 'चोळणं' म्हणतो. नवीन मुलं पहिल्याच दिवशी सगळं चोळून टाकतात, मऊ दिसतं म्हणून. मी थांबवते. आधी रेषा, मग गरज असेल तिथेच बोट. कागदाच्या दाण्यांत कोळसा एकदा बसला की तिथला पांढरा परत मिळत नाही.

निफाडकर

शेताची बाजू. काजळी म्हणून आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी दाखवतील आणि त्यांची गल्लत झाली तर औषधाचे पैसे वाया जातात, म्हणून नीट लिहितो.

गव्हाची काजळी ही आतून येते. बुरशी बियाच्या गर्भात लपलेली असते. बी वरून निरोगी, रोप निरोगी, काही कळत नाही. ओंबी बाहेर पडते तेव्हा दाण्याच्या जागी काळी भुकटी. बोट लावलं की बोट काळं. चार दिवसांत वारा भुकटी उडवून नेतो, फुलोऱ्यातल्या शेजारच्या ओंब्यांवर टाकतो, आणि शेतात उभी राहते नुसती मधली दांडी. ती भुकटी उडाली म्हणजे पुढच्या वर्षीचा रोग पेरला. म्हणून काळी ओंबी दिसली की तिच्यावर आधी पिशवी घालायची आणि मग तोडायची, लांब नेऊन जाळायची. उपाटत फिरलात तर तुम्हीच पसरवाल. आणि बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नका. ज्वारीत हीच जात, पण तिला काणी म्हणतात. तिच्यातल्या 'दाणे काणी' या प्रकारासाठी पेरणीआधी किलोभर बियाला ३०० मेशचं, म्हणजे अगदी बारीक भुकटीचं, गंधक ४ ग्रॅम चोळतात.

दुसरी बाहेरून बसते. विदर्भात संत्र्यावर तिला कोळशी म्हणतात. काळी माशी पानाचा रस पिते आणि गोड चिकट थेंब टाकते, त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. पानात ती शिरत नाही. ओल्या फडक्याने पान पुसा, खाली हिरवं पान तसंच असतं. पण ऊन अडतं, पान उपाशी राहतं, फळ काळं दिसतं. इथे बुरशीला मारून उपयोग नाही, माशी आटोक्यात आणावी लागते. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांमुळे होतं ते याच्यासारखंच.

आणि धुराबद्दल. निफाडला थंडी उतरते तेव्हा द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. वडीलधारे सांगतात, धुराचं पांघरूण पडतं. माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतं की फायदा होतो तो मुख्यतः उबेने आणि हवा हलल्याने. रात्री स्वच्छ आकाशाखाली जमीन उष्णता सोडते, गार हवा खाली साचते, थोड्या उंचीवरची हवा मात्र उबदार असते. लहान लहान पुष्कळ शेकोट्या ही हवा ढवळतात. नुसता ओला पाला जाळून दाट धूर केला तर घसा तेवढा धरतो. त्यापेक्षा पहाटे ठिबक चालू ठेवणं बरं, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं.

समई

निफाडकर, दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आतून येणारी आणि बाहेरून बसणारी. मनावरच्या काजळीबद्दल बोलतानाही आपण हा फरक करायला हवा.

बालवैद्या

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विनंती. काजळाची आठवण कितीही गोड असली तरी बाळाच्या डोळ्यात घालू नका. घरचं असो की विकतचं. अश्रुनलिका बारीक असते, बोटातून जंतू जातात. विकतच्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडतं, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. तीट गालावर किंवा तळपायाला लावा, कुणी अडवणार नाही.

तसंच धुरी. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, कडुनिंब. बंद खोलीत शेगडीवर टाकून बाळ त्या धुरावर धरतात. शेक देण्यामागची माया मला कळते, पण नवजात बाळाच्या छातीला तो धूर झेपत नाही. खोली उबदार ठेवा, बाळाला आईच्या कुशीत ठेवा, उबेसाठी ते पुरेसं आहे.

पाटा_वरवंटा

डॉक्टर, बाळांचं मान्य. मोठ्या बायका घरचं काजळ वापरतात त्यांच्यासाठी पद्धत तरी नोंदवून ठेवते, नाहीतर ती जाईल. तुपाचा दिवा, वात जाड आणि सैल. दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर तांब्याची थाळी टेकवायची, ज्योतीचं टोक थाळीला लागेल एवढ्या उंचीवर. काही घरांत थाळीला चंदन उगाळून लावत. थाळी रात्रभर तशी ठेवायची. सकाळी पिसाने काजळी खरवडून एकत्र करायची. 'पिसाने' महत्त्वाचं, चमच्याने धातू खरवडला जातो. मग लोण्यातून काढलेल्या ताज्या तुपाचा थेंब आणि बोटाने मळणं. आमच्याकडे खरवडेपर्यंत तिला काजळीच म्हणत. तूप मिसळलं की काजळ.

समई

अरे, मग माझी 'पाडतात ते काजळ' ही मांडणी अजून बारीक झाली. पाडतात तीही काजळीच, तुपाने काजळ होतं. लिहून घेतलं.

पेठकर

तोंडाला काळं फासणं, नावाला काळिमा लावणं हेही यात घ्यायचं का?

आळंदीवाट

मी घेणार नाही. फासणं हे माणूस माणसाला करतो. काजळी कुणी कुणाला फासत नाही.

पेठकर

पटलं. मग एक घरगुती शंका. वाड्यातल्या देव्हाऱ्यावरची भिंत नंदादीपाने काळी झाली आहे. रंग द्यायचाय, पण रंगारी म्हणतो पाण्याने धुऊन घ्या. धुवू का?

कुडाळदेशी

नको! वर लिहिलंय तेच. पहिला हात कोरडा. मऊ ब्रशने किंवा कोरड्या स्पंजने वरून खाली, एका दिशेने, न दाबता. खाली कागद पसरा. भुकटी सुटून जाईल तेवढी जाऊ द्या. मग उरलेला तेलकट डाग कोमट पाण्यात थोडा साबण घालून टिपून घ्या, घासू नका. पाणी आधी मारलंत तर काळं चुन्यात मुरेल आणि रंगाच्या दोन हातांतूनही वर येईल.

मोडी_बोरू

आणि त्या भिंतीत जुनं फडताळ असेल तर धुण्याआधी उघडून बघा. कागद असतील तर मला निरोप करा.

पेठकर

फडताळ आहे. शनिवारी उघडतो आणि कळवतो.